एका फेरीपुरता निखारा

मित्रांनो, माझी ओळख करून देताना माझीच पंचाईत होते. डबीवर माझे नाव ग्लो प्लग असे छापले होते. गॅरेजात मला हीटर म्हणतात. पण खोली गरम करणारा हीटर तो मी नव्हे, आणि स्कूटरमध्ये ठिणगी पाडणारा प्लगही मी नव्हे. दिसायला मी पेन्सिलीच्या तुकड्याएवढा, पोलादी. अंगावर आटे, वर तारेसाठी शेंडी आणि खाली करंगळीहून बारीक बोट. एवढाच माझा देह.

सारे आयुष्य मी एका डिझेल जीपमध्ये काढले आणि सारे आयुष्य एकाच प्रश्नाने गोंधळलेला राहिलो. ती जीप सकाळी सुरू व्हायची ती माझ्यामुळे, की एका बाईने घेतलेल्या देवाच्या नावामुळे? आता मी थकलो, निवृत्त झालो, तरी मला ते नीट सांगता येत नाही. तुम्ही ऐका आणि जमले तर मला समजावून सांगा.

माझा जन्म कारखान्यातला. एका पोकळ बोटात बारीक तारेचे वेटोळे बसवले, भोवती पांढरी भुकटी ठासून भरली आणि तोंड बंद केले. मग मला वीज दिली तसे माझे बोट तापले. कुणीतरी मान डोलावली. लगेच मला थंड करून डबीत घातले. कशासाठी तापवले, कशासाठी विझवले, काही कळले नाही. डबीत माझ्यासारखेच आणखी तिघे होते. त्यांनाही काही ठाऊक नव्हते.

पुढे आम्हा चौघांना एका इंजिनाच्या डोक्यात आट्यांनी घट्ट बसवले, तेव्हा थोडे थोडे उमगू लागले. मित्रांनो, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवा इतक्या जोराने दाबतात की ती दाबानेच तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड कसे गरम लागते, तसेच ते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की आग धरते आणि इंजिन फिरू लागते. पण पौषातल्या सकाळी इंजिनाचे सारे लोखंड गारठलेले असते. हवेला आलेली ऊब ते लोखंडच पिऊन टाकते. मग डिझेल नुसते भिजते, पेटत नाही. म्हणून आधी आम्ही तापायचे. चार खोल्यांत चौघे, एका पट्टीने जोडलेले. किल्ली अर्धी फिरवली की बॅटरीची वीज पट्टीवरून आमच्यात उतरते आणि आमची बोटे निखाऱ्यासारखी लाल होतात. इंजिनाने सूर धरला की आमचे काम संपले. मग दिवसभर अंधारात, धगीत आणि काजळीत नुसते बसून राहायचे.

लाल होतात, असे मी म्हणालो खरे. पण ते मी पाहिलेले नव्हते. बंद खोलीत, अंधारात, स्वतःलाच कोण पाहणार?

आमची जीप सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या महादेवरावांची. सकाळच्या पॅसेंजरने उतरणारी माणसे आजूबाजूच्या खेड्यांत पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. घरी त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई आणि सून वर्षाली. मुलगा कामानिमित्त पुण्याला असायचा.

पंचफुलाबाई फार हळू बोलणाऱ्या. कुणाला हाक मारली तरी शेजारच्या घरी ऐकू जायची नाही. पण त्यांचे नेम मात्र पक्के होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चूल नाही, आणि देवाचे नाव घेतल्याशिवाय घरातले कोणतेच काम सुरू करायचे नाही. पिठाच्या डब्यात हात घालतानाही त्या पुटपुटायच्या. मग जीप त्यातून कशी सुटेल?

जीप घरी आली त्या दिवशी महादेवरावांनी किल्ली अर्धी फिरवली. समोरच्या काचेखाली वेटोळ्याच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. आम्ही तापतो आहोत याची ती खूण.

"हा कशाचा दिवा वो?" पंचफुलाबाईंनी विचारले.

"हीटरचा. हा विझला का मंग गाडी चालू करा लागते. त्याच्या आधी नाई."

"म्हंजे देवापाशी दिवा लावून थांबतो तसंच झालं."

"तसंच समज," महादेवराव हसले. "माह्यी गाडी तुह्यापेक्षा सोवळी निंघाली."

"मंग तो दिवा जळते तवरीक मी एक फेरी घालून घेईन."

त्या दिवसापासून रीत पडली. महादेवराव किल्ली अर्धी फिरवून बसायचे. पंचफुलाबाई हाती उदबत्ती घेऊन, गजाननाचे नाव घेत, अनवाणी पायांनी जीपला एक फेरी घालायच्या, बॉनेटला कुंकू लावायच्या आणि बाजूला व्हायच्या. तोवर पिवळा दिवा विझलेला असायचा आणि आम्ही चौघे धगधगत असायचो. महादेवराव किल्ली पुरती फिरवून सेल्फ मारायचे. जीप पहिल्याच फिरकीला बोलायची.

"पाह्यलं का, नावाचा जोर," त्या म्हणायच्या.

मी आतून ऐकायचो आणि विचारात पडायचो. नावाचा जोर असेल तर मला कशासाठी तापवतात? आणि माझा जोर असेल तर फेरी चुकली त्या दिवशी गाडी का कुरकुरते? कारण असे एकदा झाले होते. पंचफुलाबाई भावाकडे पवनारला गेल्या होत्या. महादेवरावांनी जीपमध्ये बसताच थेट सेल्फ मारला. आम्हाला तापायला सवडच मिळाली नाही. जीप खोकत राहिली. पंचफुलाबाई परतल्यावर महादेवरावांनी ते सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

वर्षे गेली. उन्हाळ्यात आमची फारशी गरज पडायची नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात लोखंड रात्रीसुद्धा तापलेलेच असते. तरी फेरी चुकायची नाही आणि आमचे तापणेही चुकायचे नाही. जीपची टायरे बदलली, पत्रा रंगवला, सीटवर नवे कव्हर आले, दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार आला. आमच्याकडे मात्र कुणी डोकावले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. देव्हाऱ्यातल्या समईची वात कुणी मोजून पाहते का?

पण वात संपते, मित्रांनो. तसेच आमच्यातही झाले.

एका थंड सकाळी पट्टीवरून वीज आली आणि माझ्या लक्षात आले की शेजारचा भाऊ काही घेतच नाही. त्याच्या आतली तार तुटली होती. तो बाहेरून तसाच ताठ, तसाच काळा. मी त्याची वाट पाहत राहिलो. पुढच्या हिवाळ्यात दुसरा गेला, त्याच्यामागे तिसरा. खोली गार राहिली की तिथले डिझेल न जळता पांढरा धूर होऊन बाहेर पडे आणि इंजिन ताप आलेल्या माणसासारखे थरथरे.

आणि सर्वात मोठा घोटाळा पुढे आहे. तो पिवळा दिवा पूर्वीसारखाच लागायचा, पूर्वीसारखाच विझायचा. सगळ्यांना वाटायचे, दिवा लागतो म्हणजे हीटर ठीक आहेत. मलाही वाटायचे, आमच्यातला एक जरी गेला तरी दिवा ते सांगेल. पण आमच्या जीपचा दिवा आम्हाला विचारून लागत नव्हता. थोडा वेळ लागायचे आणि थोड्या वेळाने विझायचे, एवढेच त्याला शिकवलेले. आमच्यातला एक मेला, तिघे मेले, त्याला काय कळणार?

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला केशवचे गॅरेज आहे. महादेवराव तिथे जीप घेऊन गेले.

"दिवा लागते ना?" केशवने विचारले.

"लागते."

"मंग हीटर बराबर आहे. बॅटरी पाहा लागन."

बॅटरी नवी आली. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मग केशव म्हणाला, डिझेलमध्ये पाणी असेल. डिझेलची गाळणी बदलली. तरी तेच.

इकडे पंचफुलाबाईंनी आपल्यापरीने कारण शोधले. त्या वर्षालीला हळूच म्हणाल्या, "माह्या नेमात काहीतरी खोट पडली असन. नाई तर नाव घेऊनही गाडी काऊन अडते?"

"आई, मशीन हाये ते," वर्षाली म्हणाली.

"मशीन तर पह्यलेही होती."

याचे उत्तर माझ्याकडे होते, पण मला कोण विचारतो?

मग त्यांनी दोन फेऱ्या सुरू केल्या. आणि त्यांची अट अशी की नवी फेरी तर नवा दिवा. म्हणून दुसऱ्या फेरीच्या आधी महादेवराव किल्ली बंद करून पुन्हा अर्धी फिरवायचे. मित्रांनो, तुम्हाला नवल वाटेल, पण जीप सुरू झाली. कारण मी एकटाच उरलो होतो तरी मला दोनदा तापायला मिळाले. माझ्या खोलीत आग धरली, तिने इंजिनाला ढकलले आणि ढकलता ढकलता बाकीच्या खोल्या ऊन झाल्या. मला आतून सारे कळत होते. पण पंचफुलाबाईंना काय दिसले? एका फेरीने होत नव्हते, ते दोन फेऱ्यांनी झाले. म्हणजे भक्ती कमी पडत होती.

थंडी वाढली तशा फेऱ्या वाढल्या. तेवढ्याने भागेना तेव्हा त्यांनी सकाळचा चहा सोडला. जीप अंगणातून निघेपर्यंत काही तोंडात घालायचे नाही, असा नेम केला. पुढे जीप पहिली खेप करून सुखरूप घरी येईपर्यंत पाणीसुद्धा नाही, असा. त्यांना साखरेचा आजार होता. त्याच्या गोळ्या पहाटे उठल्या उठल्या घ्यायची त्यांची सवय मात्र तशीच राहिली होती.

"आई, गोई घेता आन् जेवत नाई. असं कसं चालन?" वर्षाली एकदा चिडून म्हणाली.

"गाडी अडून राह्यली आन् मी खाऊ? त्या गाडीवर आपल्या घराचं पोट चालते, पोरी."

"मामाजी, तुम्ही तरी सांगा त्यायले," ती सासऱ्यांकडे वळून म्हणाली.

महादेवराव पान्याशी चाळा करत म्हणाले, "तिच्या नेमात मी नाई पडत. पडलो का मले बी उपास घडवते."

ते हसले, वर्षाली हसली नाही. आणि मी आत अंधारात कासावीस झालो. ज्या दिवशी मी नीट तापलो नाही त्या दिवशी त्या बाई अधिक उपाशी राहणार, एवढे मला कळत होते. बाकी काही कळत नव्हते. माझे दुखणे त्या आपल्या अंगावर घेत होत्या. मी जीव तोडून तापायचो. पण एका वातीने चार समया कशा उजळणार?

धुके पडलेली एक सकाळ होती. पंचफुलाबाई फेऱ्या घालत होत्या. महादेवराव किल्ली बंद करत, पुन्हा फिरवत. दिवा लागे, विझे. जीप नुसती पांढरा धूर सोडी. मला बाहेरून पावलांचा आवाज येत होता, थंड जमिनीवरचा, अनवाणी. माझ्या बाजूने पाऊल यायचे, पुढे जायचे. मग ते पाऊल माझ्या बाजूला आले आणि पुढे गेले नाही.

उदबत्ती पत्र्याला घासत खाली पडली. पंचफुलाबाई चाकापाशी कोसळल्या होत्या.

वर्षाली धावत आली. "मामाजी, अंग ओलंचिंब झालं यायचं. हात थरथरून राह्यले." तिने आतून गूळ आणला, बारीक करून त्यांच्या गालात धरला. त्या शुद्धीवर होत्या, पण जीभ जड झाली होती. दवाखाना वर्ध्याला. फोन करून दुसरी गाडी बोलावली असती तर ती धुक्यातून येईपर्यंत किती वेळ गेला असता कोण जाणे. गाडी अंगणात होती. पण तीच तर अडलेली होती. अंगण खोलगट, ढकलून वर काढायला दोघांचे बळ पुरणार नव्हते.

दोघांनी पंचफुलाबाईंना मागच्या सीटवर निजवले. महादेवरावांनी सेल्फ मारला. धूर. पुन्हा मारला. धूर.

मागून अगदी हळू आवाज आला. "फेरी... घातल्याबिगर... कशी होईन."

महादेवराव थांबले. आजवर त्यांनी त्या फेरीला नुसते हसून सोडले होते. ते खाली उतरले. चपला काढल्या. "वर्षाली, तू किल्लीवर बस. दिवा विझला का बंद कर, आन् फिरून लाव. मी सांगन तवा सेल्फ मारजो."

आणि ते फेऱ्या घालू लागले. त्यांना नाव घ्यायची सवय नव्हती. ते कधी गजानन म्हणत, कधी नुसतेच "माय, माय" म्हणत. पाऊल जड, चुकतमाकत. पण प्रत्येक फेरीला दिवा नवा लागत होता आणि प्रत्येक दिव्याला मी तापत होतो. मी इतका तापलो की आतली तार आता तुटते की मग तुटते, असे मला वाटले. तुटली असती तर सारेच संपले असते. मी ठरवले, आज नाही. ठरवणे माझ्या हाती होते का, तेही मला ठाऊक नाही.

"मार," महादेवराव म्हणाले.

सेल्फ फिरला. माझ्या खोलीत फवारा उडाला आणि माझ्या बोटापाशी आग धरली. एक धक्का. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा माझ्याच खोलीत एक धक्का. इंजिन लंगडत, थरथरत फिरू लागले, शेजारची खोली पेटली, मग पलीकडची, आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडत जीप अंगणाचा चढ चढून गेली.

दवाखान्यात पंचफुलाबाईंना सलाईन लावले. उपाशीपोटी गोळी घेतल्याने साखर फार उतरली होती. वेळेवर आणले, असे डॉक्टर म्हणाले. धोका टळल्यावर महादेवराव जीप तशीच केशवकडे घेऊन गेले आणि सकाळच्या फेऱ्यांसकट सारे त्याला सांगितले. म्हणाले, "आज गाडीचं काय दुखते ते सांगितल्याबिगर मी इथून हालत नाई."

केशवने डोके खाजवले. "आता फक्त हीटर पाह्याचे राह्यले. पन दिवा तर लागते."

"दिव्याचं सोड. दिवा मीही रोज पाहून राह्यलो."

इंजिन अजून ऊन होते हे बरे झाले. थंड इंजिनात आम्ही काजळीने घट्ट धरलेलो असतो. जोर लावला तर मोडून आतच राहतो, आणि मग फार मोठे काम निघते. केशवने पट्टी सोडली आणि एकेकाला हलक्या हाताने फिरवून बाहेर काढले. कितीतरी वर्षांनी मी उजेडात आलो. भाऊही माझ्या शेजारी फडक्यावर पडले होते. तिघे काळे, गप्प.

दुपारी वर्षाली रिक्षाने पंचफुलाबाईंना तिथे घेऊन आली. डॉक्टरांनी सोडताना आधी जेवू घातले होते. त्या गॅरेजातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. केशवने बॅटरीच्या एका टोकाला माझे अंग टेकवले आणि दुसऱ्या टोकाची तार माझ्या शेंडीला लावली. आधी त्याने भाऊ तपासले होते. तिन्ही गार. आता माझी पाळी.

मित्रांनो, माझे बोट गरम झाले. ते तर रोजच व्हायचे. पण या वेळी समोर पंचफुलाबाईंचा चष्मा होता. त्यांच्या काचांत मला काहीतरी दिसले. एक काळी काडी. तिचे टोक आधी विटकरी झाले, मग शेंदरी, मग निरांजनातल्या वातीसारखे तेजाळले. दोन्ही काचांत दोन. ते काय आहे हे मला कळेना. आणि मग केशवने तार काढली तशी दोन्ही टोके हळूहळू विझली, आणि कळले. तो मी होतो.

पंचफुलाबाईंनी हात जोडले होते.

"हे आत जळते?" त्यांनी विचारले.

"हाओ, काकू. बाकी तिघं मेले. हा एकटाच गाडी ओढून राह्यला होता. तुमच्या एकेका फेरीनं हा तापे."

"म्हंजे माह्या नावानं गाडी चालू नोहोती होत?"

महादेवरावांनी वर्षालीकडे पाहिले. वर्षाली हळूच म्हणाली, "आई, एवढं थांबाच लागते याच्यासाठी. तुमची एक फेरी होते, तेवढंच. घाई केली तर हाही काही करू शकत नाई. थांबाचं तुमच्यामुळे झालं."

"आन् उपास?"

"उपासाचा याले काही उपेग नाई."

पंचफुलाबाईंनी चष्मा सावरला आणि माझ्याकडे वाकून पाहिले. "मले वाटे माह्या नेमातच खोट आहे. आन् खोट याच्यात होती." मग केशवला म्हणाल्या, "हा तर चांगला आहे. याले काऊन काढता?"

"चारही एका वयाचे, काकू. तीन गेले, हाही आज ना उद्या जाईन. संगंच बदलवा लागते."

मला वाईट वाटले की बरे, हेही मला सांगता येणार नाही. मी जळत होतो, तरी मला काढले. पण केशवचे बरोबर होते. मी आणखी एका सकाळी दगा दिला असता, आणि ती सकाळ कोणती असती कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्या घरीही काही ना काही असे असेल, जे आतल्या अंधारात काम करते. डिझेलची गाडी असेल तर थोडे थांबा, दिवा विझू द्या, मगच सेल्फ मारा. थंडीत सुरू व्हायला अडू लागली, पांढरा धूर सोडू लागली, सुरू होताच थरथरू लागली, तर नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. आमच्यातल्या एकेकाला तपासायला सांगा. एकाने मान टाकली तर चौघांना एकत्र रजा द्या. आणि गाडी अडली म्हणून कुणी आपले अंग झिजवत असेल तर त्याला आधी जेवायला बसवा. लोखंडाचे दुखणे लोखंडापाशीच शोधावे.

भाऊ केशवकडच्या भंगारात गेले. मला पंचफुलाबाईंनी पदरात घेतले आणि जीपच्या पुढच्या कप्प्यात ठेवले, कुंकवाच्या डबीशेजारी. माझ्या जागी आता चार नवे आहेत. सकाळी महादेवराव किल्ली अर्धी फिरवतात. स्वयंपाकघरातून वर्षालीचा आवाज येतो, "आई, भाकर संपवा आधी." मग थोड्या वेळाने पावले वाजतात, भरल्या पोटाची, सावकाश. एकच फेरी. कप्प्याच्या फटीतून पिवळा उजेड माझ्यावर पडतो. मला वीज नाही, पट्टी नाही, तरी ती पावले माझ्या बाजूने पुढे गेली की माझे बोट ऊन झाल्यासारखे वाटते.

ते का, मला अजून कळलेले नाही.